झावळ्यांच्या रविवारची माझी साक्ष

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला भली बाई समजून वाचत बसायला नको. त्या पोरीला खोली नाकारणारी मीच.

कारेगावच्या उपकेंद्रात मी सव्वीस वर्षं नर्स होते. अर्ध्या गावाची बाळंतपणं माझ्या हातची, उरलेल्या अर्ध्याला मी सुया टोचल्यात. त्यामुळं गाव मला ‘सिस्टर’ म्हणतं आणि जरा वचकूनच असतं. माहेर दौंडचं, रेल्वेच्या क्वार्टरमधलं. नवरा गेला, मी निवृत्त झाले, पण कारेगाव काही सुटलं नाही. मोठ्या रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि वर एक भाड्याची खोली. ओटा आहे, संडास-बाथरूम वेगळं, खिडकी रस्त्याच्या अंगाला. एमआयडीसी शेजारी असल्यावर खोली कशाला रिकामी राहतेय! इथं लोकांनी गोठ्यातली जनावरं मागं हलवून पुढं भाडेकरू भरलेत. पण माझा लातूरकडचा फिटर फेब्रुवारीत दुसऱ्या कंपनीत गेला आणि खोलीला कुलूप लागलं.

त्याच आठवड्यात ती दारात उभी राहिली. कंपनीचा निळा डगला, पाठीला सॅक, चोवीसएक वर्षांची असेल. ‘‘आंटी, रूम खाली है?’’

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. बारीक डोळे, चपटं नाक, गोल गोरा चेहरा. मिझोरामची, असं नंतर कळलं. त्या वेळी मी विचारलंसुद्धा नाही. माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘दे दिया.’’

‘‘कब आंटी?’’

‘‘अभी.’’

तिनं मान वर करून खोलीच्या दाराकडं बघितलं. कुलूप चांगलं पेरूएवढं होतं. ‘‘थैंक यू आंटी,’’ म्हणाली आणि गेली. दार लावून मी स्वतःला कारणं द्यायला बसले. हे लोक काय काय खातात, कसला वास सुटेल, गल्लीतले काय म्हणतील. आणि हे सगळं मनात चाललेलं असताना माझ्या तव्यावर सुका बोंबील भाजत होता. वास असा, की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस फुसफुसायला लागली होती.

पुढच्या रविवारी मी शिरूरला चर्चला गेले, तर शेवटच्या बाकावर तीच! आमच्यात उपासना संपली की सगळे एकमेकांच्या हातात हात देऊन ‘सलाम’ म्हणतात. तिनं ते बघून शिकून घेतलं आणि एकेकाला सलाम करत करत माझ्यापर्यंत आली. मी पटकन पर्समध्ये तोंड घातलं आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. ती क्षणभर हात पुढं धरून थांबली, मग पुढच्या बाईकडं वळली. ओळखलं नसणार, मी स्वतःला म्हटलं, हिला सगळ्या मराठी बायका सारख्याच दिसत असतील.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी वरून आलेलं पत्र वाचून दाखवलं. पाळकसाहेब म्हणजे आमचे धर्मगुरू. तरुण आहेत, नगरकडचे, अजून सगळ्या गोष्टी मनावर घेतात. पत्रात होतं, की वर्ण, वंश, चेहरा यांवरून होणाऱ्या अन्यायाविरुद्ध प्रत्येक मंडळीनं, म्हणजे एकेका चर्चच्या लोकांनी, जाहीर साक्ष द्यावी.

खजिनदार लगेच उठले. ‘‘साहेब, ही काळ्यागोऱ्याची भानगड तिकडं परदेशात. आपल्याकडं कुठंय?’’ या खजिनदारांच्या मुलासाठी तीन वर्षं मुली बघणं चालू आहे आणि दर वेळी ते एकच विचारतात, मुलगी उजळ आहे ना?

पाळकसाहेबांनी शेवटच्या बाकाकडं हात केला. ती पोरगी पुढं आली आणि हिंदीत हळूहळू बोलली. ती तीन मैत्रिणींबरोबर कारेगावात राहते. गल्लीतली लोकं ‘चायनीज’ म्हणून हाका मारतात, मालकाकडं कुरकुर करतात. मालकानं या महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय. मैत्रिणी कंटाळून गावी निघाल्यात. हिला नोकरी सोडायची नाहीय, कारण घरी धाकटा भाऊ हिच्या पगारावर शिकतो. महिनाअखेरपर्यंत खोली मिळाली तर राहील, नाहीतर तीसुद्धा जाईल. सात घरं फिरली. सातव्या घरातली आंटी म्हणाली, आत्ताच दिली, आणि वर कुलूप दिसत होतं.

मंडळी खवळली. ‘‘कोण ती बया? तिच्या दारातच जाऊन साक्ष देऊ!’’ हे खजिनदार म्हणाले. आणि त्यांच्याहून मोठ्यानं, हात वर करून, ‘‘दिलीच पाहिजे!’’ असं कोण ओरडलं? मी. कसं ओरडले देव जाणे. भीती वाटली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

मग कुणीतरी विचारलं, ‘‘सिस्टर, तुमची वरची खोली हाय ना?’’

‘‘दिली,’’ मी म्हणाले. ‘‘कधीच दिली. बाप्या माणूस राहतो.’’

पोरगी तिथंच उभी होती. खजिनदारांच्या शिरूरला तीन खोल्या, पण त्यांना रंग द्यायचा होता. दुसऱ्या एकांची मेहुणी परीक्षेला येणार होती. अशा रीतीनं सगळ्यांच्या खोल्या भरल्या, आणि जाहीर साक्ष द्यायची हे एकमतानं ठरलं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आम्ही दर वर्षी शिरूरच्या रस्त्यांनी झावळ्या घेऊन गात फिरतो, ती फेरी यंदा कारेगावात काढायची. दौंडची मंडळी टेम्पो करून येणार. आणि कारेगावची माहितगार म्हणून रस्ता ठरवायचं आणि पोलिसांची परवानगी काढायचं काम कुणाकडं? माझ्याकडं.

खोटं एकदा बोललं की त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. त्या पोरीची कंपनीची बस सकाळ-संध्याकाळ माझ्या घरावरून जायची. म्हणून मी रोज संध्याकाळी वर जाऊन खोलीतला दिवा लावून यायची. बाप्या माणूस राहतो असं बोलून बसले होते, म्हणून नवऱ्याची एक जुनी पँट ट्रंकेतून काढून वरच्या दोरीवर वाळत घातली. चॉकलेटी, उभ्या रेघांची. ती काढायचं मात्र रोज विसरून जायची. ‘‘वरचं पाव्हणं दुसरं कायच घालीत न्हाई का?’’ एकदा शेजारीण म्हणाली. ही शेजारीण अंगणवाडीत बाई आहे. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, जिभेला हाड नाही आणि कुणाच्या दोरीवर काय वाळतंय यावर तिची कायम नजर. मी तिला दटावलं, लोकांच्या पँटीत कशाला लक्ष घालतेस?

पोलीस चौकीत हवालदारानं विचारलं, ‘‘मोर्चा कुणाच्या इरोधात?’’ मी म्हटलं, कुणाच्याच नाही, साक्ष आहे. ‘‘मग साक्षीदार कोण?’’ मी अर्धा तास समजावलं. शेवटी त्यानं कागदावर ‘धार्मिक, शांत’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.

रस्ता ठरवताना मात्र मी सगळं डोकं चालवलं. कारेगावात सरळ जायचं तर माझ्या घरावरून जावं लागतं. म्हणून मी फेरी मागच्या बाजूनं, ओढ्याच्या कडेनं, कांद्याच्या चाळींमागून, दोन गोठे आणि एक उकिरडा ओलांडून नेली. पाळकसाहेब म्हणाले, ‘‘सिस्टर, इथं साक्ष ऐकायला माणूसच दिसत नाही.’’ मी म्हटलं, साहेब, दीनदुबळी माणसं अशाच बाजूला राहतात.

काय ती फेरी! उन्हात पांढऱ्या साड्या घातलेल्या बायका, हातात शिंदीच्या झावळ्या, पुढं फ्लेक्स. फ्लेक्सवर लिहिलं होतं ‘द्वेष सोडा, दार उघडा’, पण दुकानदारानं वाढदिवसाचा नमुना वापरला असल्यामुळं ते बारीक अक्षरात खाली गेलं होतं आणि वर आमच्या चर्चच्या सगळ्या पंचांचे फोटो, मधोमध काळा चष्मा लावलेले खजिनदार. वाटेत एका म्हशीनं चार झावळ्या खाल्ल्या. चाळीत कांदे निवडणाऱ्या एका आबांनी विचारलं, ‘‘कुठल्या पक्षाचं तुम्ही?’’ खजिनदार म्हणाले, देवाच्या. आबा म्हणाले, ‘‘मंग चिन्ह कुठंय?’’

आणि मिझोरामची ती पोरगी सगळ्यांत मागं चालत होती. होसान्ना म्हणताना तिचा आवाज आमच्या सगळ्यांच्या वरून जायचा. काय सुरात गायची! तिच्या घरी चार पिढ्या चर्चमध्ये गाणाऱ्या. आमची मंडळी पेटी एका वेगानं वाजवते आणि आपण दुसऱ्या वेगानं गाते, त्यात ती बिचारी दोघांच्या मधून वाट काढत होती.

सगळं बरं चाललं होतं. पण दौंडच्या टेम्पोचा मी विचारच केला नव्हता. लाउडस्पीकर त्या टेम्पोवर बांधलेला, आणि टेम्पो ओढ्याच्या वाटेवर येतोय कसला! ड्रायव्हरनं मोठ्या रस्त्याला सावली शोधली. कारेगावच्या त्या टोकाला सावलीचं झाड एकच, माझ्या दारातला कडुलिंब. तिथं टेम्पो लावून त्यानं स्पीकर सुरू केला, ‘‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग,’’ आणि सगळी फेरी आवाजाच्या मागं निघाली. माझं ऐकतंय कोण!

टेम्पोतून माझी मावशी उतरली. चौऱ्याऐंशी वर्षांची, दौंडच्या मंडळीतली सगळ्यांत जुनी बाई. तिच्यापुढं पाळकसाहेबसुद्धा ताठ उभे राहतात. खुर्चीवर बसून तिनं फर्मावलं, ‘‘करा सुरू.’’

साक्षीची आमची एक रीत आहे, ती सांगायला हवी. साक्षीत दुसऱ्याचं पाप सांगायचं नसतं. आपण काय केलं, कुठं चुकलो, देवानं कसं वळवलं, एवढंच बोलायचं. पाळकसाहेबांनी माइक पहिला माझ्या हातात दिला, गावातली म्हणून. मी घरून चार कागद लिहून आणले होते. ‘‘बंधुभगिनींनो, या गावातल्या घरमालकांची मनं किती कठीण झाली आहेत...’’

‘‘ए पोरी,’’ मावशी खुर्चीवरून ओरडली. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. ‘‘मालकांचं मालक सांगतील. तुझं काय ते सांग.’’

मी म्हटलं, ‘‘माझं काय? माझी खोली तर दिलेली आहे.’’ आणि पुरावा म्हणून, काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, हातानं वर दाखवलं.

मावशीनं वर बघितलं. मग चष्मा पुसून परत बघितलं. ‘‘अगं, ही तर जावयाची पँट!’’

मी म्हटलं, नाही, नाही, भाडेकरूची.

‘‘मला शिकवती? दौंडच्या टेलरकडनं मीच शिवून दिली होती त्याला नाताळाला. कापडाला रेघा उभ्या घेऊ की आडव्या म्हणून दोनदा गेले होते मी बाजारात. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, आन् त्याची पँट वर कोण वाळत घालतंय?’’

हे सगळं माइकवरून. माझ्या हातातला माइक चालूच होता. तिकडं कांद्याच्या चाळीपर्यंत पँट ऐकू गेली असणार. रस्त्यावर दोन रिक्षा थांबल्या. पाळकसाहेब एकदा पँटीकडं बघत होते, एकदा दारावरच्या कुलपाकडं. आणि मला लाज वाटायच्या आधी इतका राग आला! मावशीचा, पँटीचा, टेम्पोवाल्याचा, त्या एकुलत्या एका कडुलिंबाचा. पण रागाला जायला जागाच नव्हती. मी चार कागद फाडले आणि म्हणाले, ‘‘सातव्या घरातली आंटी मीच.’’

आणि मग काय सांगू, ते जे सुटलं ते सुटलं. पापाची कबुली द्यायला सुरुवात करणं कठीण, पण एकदा सुरू झाली की फार गोड लागते. मी कुलूप सांगितलं, बोंबील सांगितला, रोजचा दिवा सांगितला. पर्समध्ये चष्मा शोधलेला सांगितला. मग वडिलांवर आले. वडील रेल्वेत पॉइंट्समन. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडायचं होतं, आणि दौंडात ते खोली शोधत फिरले, तेव्हा लोक आडनाव विचारायचे आणि म्हणायचे, आत्ताच दिली. हा शब्द मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकला होता आणि त्या पोरीला मी तोच सांगितला. ही वडिलांची गोष्ट मी चर्चमध्ये कितीदा रडून सांगितली असेल, पण आज पहिल्यांदा ती मलाच लागली. मी ढसाढसा रडले. बायका रडल्या. खजिनदारांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, माझ्या खोल्यांचा रंग खोटा आहे. मावशी मात्र कोरडी ठक्क बसली होती. ‘‘आटप आता,’’ एवढंच म्हणाली.

आटपायला मला अर्धा तास लागला. शेवटी मी कमरेची किल्ली काढली, वर धरली आणि खड्या आवाजात जाहीर केलं, ‘‘आजपासून या घराची वरची खोली माझ्या या लेकीची! ये बेटी, पुढं ये!’’

टाळ्या पडल्या. हालेलुया झालं. बेटी काही आली नाही.

सगळ्यांनी मागं बघितलं. पाळकसाहेबांनी झावळ्यांमध्ये शोधलं. पोरगी नव्हतीच. मला वाटलं, रागावून गेली. चपला पायात सरकवून मी तशीच तिच्या गल्लीकडं निघाले, तर शेजारणीच्या दारातच ती भेटली. खांद्यावर बादली, बादलीत तवा, कढई आणि झाडू.

झालं होतं ते असं. शेजारीण घरातून बाहेर आली होती ती भांडायला. नातवाची दहावीची परीक्षा चालू, त्यात आमचा भोंगा. पण बाहेर ही पोरगी उन्हात एकटी मागं उभी दिसली, म्हणून तिनं विचारलं, काय चाललंय? पोरगी म्हणाली, रूम के लिए है. शेजारीण म्हणाली, ‘‘एवढी लोकं एका रूमसाठी? माझ्याकडं मागं हाय की एक. ये, बघ.’’ पोरीनं बघितली, पाणी कधी येतं विचारलं, आणि सामान आणायला गेली. माझी साक्ष तेव्हा बोंबलापर्यंत आली होती.

‘‘तुमी मला इचारलं का कधी, खोली हाय का म्हणून?’’ शेजारीण मला म्हणाली. ‘‘तुमी त्या ओढ्यानं कुठं हिंडत व्हता?’’

वाईट वाटावं, तर माझा जीव अडकला होता दुसरीकडंच. एवढी जीव तोडून साक्ष दिली आणि जिच्यासाठी दिली तिनं ऐकलीच नाही! मी तिला हटकलं. ‘‘मैं उधर क्या बोली, सुना क्या?’’

‘‘थोड़ा सुना आंटी. मराठी कम समझती हूँ. आप रो रही थीं.’’

‘‘अगं, वो सातवाँ घर... वो आंटी मैं थी.’’

‘‘मालूम है आंटी.’’

‘‘कबसे?’’

‘‘पहले से.’’ तिनं बादली खाली ठेवली. रागावलेली दिसत नव्हती, उलट मलाच समजावल्यासारखं बोलत होती. ‘‘आप मेरे चर्च की निकलीं न आंटी. तो मैं सोची, आपको शरम आ रही है, दो-तीन दिन में बुला लेंगी. इसलिए फिर मैं और किसी को पूछी नहीं. चार संडे रुकी.’’

मी किल्ली मुठीत धरून उभी होते. ती मुठीत अजून आहे हे मला तेव्हाच कळलं, कारण ती टोचायला लागली. अर्धा तास मी माइकवर रडले होते, पण त्यातलं एक टिपूसही आता डोळ्यांत येईना. चार रविवार. महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते, आणि ही पोरगी माझ्या भरवशावर थांबली होती.

तिकडून शेजारणीनं हाक मारली. मैत्रिणी गादी घेऊन आल्या होत्या आणि मागच्या बोळात ती अडकली होती. ‘‘सिस्टर, नुसत्या काय उभ्या ऱ्हाताय? त्या टोकाला धरा की.’’

मी पदर खोचला आणि गादीचं टोक धरलं.